शार्कच्या खुर्चीतले प्रश्न, चष्म्याच्या दुकानात

चाळिशी हा शब्द मराठीत वयालाही आहे आणि चष्म्यालाही, आणि ज्या कोणी तो पहिल्यांदा चष्म्याला लावला त्याला डोळ्यांची चांगलीच पारख असली पाहिजे, कारण डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होऊन जवळचे अक्षर धूसर दिसू लागते ते साधारण याच वयात. मी मुद्रितशोधनाचे काम करतो. वेलांटी पहिली आहे की दुसरी, अक्षरावर अनुस्वार आहे की शाईचा ठिपका, यावर माझे पोट चालते. त्यामुळे सुताराला जसा रंधा तसा मला चष्मा. गेल्या दीड वर्षात आमच्या घरात लेन्सकार्ट या चष्मे विकणाऱ्या कंपनीकडून तीन चष्मे झाले : माझा दूरच्या नंबरचा साधा चष्मा, माझाच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत जवळ-दूर दोन्ही दाखवणारा, आणि आईचा वाचायचा. त्या तीन चष्म्यांचे हे परीक्षण आहे. ते लिहिताना दुकानाच्या मालकाला बाजूला ठेवणे मला जमलेले नाही, कारण पीयूष बन्सल यांना आपण सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर ‘शार्क टँक इंडिया’ या कार्यक्रमात इतरांच्या धंद्याची उलटतपासणी घेताना पाहिले आहे, आणि जो माणूस दुसऱ्याकडे हिशेब मागतो त्याच्या दुकानात शिरल्यावर आपल्याही तोंडी तेच प्रश्न येतात.

कार्यक्रम ठाऊक नसलेले वाचक थोडेच असतील. नवउद्योजकाने गुंतवणूकदारांसमोर उभे राहून आपला धंदा मांडायचा आणि हिश्शाच्या बदल्यात भांडवल मागायचे, हा साचा मुळात जपानचा. तिथे २००१ मध्ये सुरू झालेला हा खेळ २००५ मध्ये ब्रिटनमध्ये गेला, २००९ मध्ये अमेरिकेत त्याला शार्क टँक हे नाव मिळाले आणि २० डिसेंबर २०२१ रोजी सोनी वाहिनीवर शार्क टँक इंडिया सुरू झाला. पहिल्या पर्वात सात शार्क, म्हणजे गुंतवणूकदार, होते; एका भागात त्यांतले पाच बसत. ‘बोट’ कंपनीचे अमन गुप्ता, शादी डॉट कॉमचे अनुपम मित्तल, पुण्याच्या एमक्युअर या औषध कंपनीच्या नमिता थापर, शुगर कॉस्मेटिक्सच्या विनीता सिंग, मामाअर्थच्या गझल अलघ, भारतपेचे अश्नीर ग्रोव्हर आणि लेन्सकार्टचे बन्सल. ग्रोव्हर यांच्या फटकळपणाची चर्चा सर्वांत जास्त झाली. बन्सल त्या मानाने शांत होते. आमच्या घरी आईने त्यांना ‘तो चष्मेवाला’ असे नाव ठेवले, आणि कार्यक्रम पाहता पाहता तिचे मत असे झाले की हा माणूस वस्तू हातात घेऊन बघतो, बाकीचे आधी कागद बघतात. हे मत सर्वस्वी न्याय्य नसेल, पण पुढे जे घडले त्याला ते कारण झाले.

त्या खुर्च्यांतून येणारे प्रश्न आता आपल्याला पाठ झाले आहेत. ही अडचण नक्की कोणाची, आणि अशी माणसे किती? एकदा आलेला ग्राहक पुन्हा येतो का? एक नग विकल्यावर हातात किती उरते? सवलत काढून घेतली तर विक्री टिकेल का? आणि सरतेशेवटी, एवढे मोल मागता ते कशाच्या जोरावर? मी दुकानात जाताना हेच प्रश्न बरोबर घेऊन गेलो होतो.

अडचण कोणाची, हे सांगण्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी मी माझा पहिला प्रोग्रेसिव्ह चष्मा एका दुसऱ्या दुकानातून केला होता. प्रोग्रेसिव्ह काचेत वरच्या भागात दूरचा नंबर, खालच्या भागात जवळचा आणि मधल्या अरुंद पट्ट्यात दोहोंच्या मधले सगळे नंबर चढत्या क्रमाने असतात. ही काच फ्रेममध्ये किती उंचीवर बसवायची हे बाहुलीची जागा मोजून ठरवावे लागते, आणि त्या दुकानात कोणी ते मोजल्याचे मला आठवत नाही. परिणाम असा झाला की जवळचा भाग माझ्या गालावर गेला आणि प्रुफे वाचण्यासाठी मला हनुवटी वर करून बसावे लागू लागले. कार्यालयातल्या सहकाऱ्यांना वाटे की मी प्रत्येक वाक्यानंतर छताकडे पाहून चिंतन करतो. तक्रार घेऊन गेलो तेव्हा “होईल सवय” असे उत्तर मिळाले. फ्रेमचे किती आणि काचेचे किती हे विचारले तर चिठ्ठीवर एकच आकडा होता, आणि तो घासाघीस केल्यावर कमीही झाला, त्यामुळे मूळ आकड्यावरचा माझा विश्वास अधिकच उडाला. मान दुखण्याचे औषधपाणी वेगळेच.

माझी ही गोष्ट किरकोळ आहे. मोठा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात आहे. जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काही ना काही दोष आहे, आणि त्यांतल्या किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर उपाय अजून व्हायचा आहे. या १०० कोटींपैकी ८२ कोटींहून अधिक लोकांची अडचण निव्वळ चाळिशीची आहे, म्हणजे ज्यांचे काम एका साध्या चष्म्याने भागले असते. गिऱ्हाईक कुठे आहे, असा प्रश्न विचारणाऱ्या शार्कला यापेक्षा सरळ उत्तर देता येणार नाही.

गंमत अशी की बन्सल यांना स्वतःला हे उत्तर पहिल्या फटक्यात सापडलेले नाही, आणि मला त्यांच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत बोधप्रद वाटतो. दिल्लीत वाढलेल्या या मुलाने कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली, अमेरिकेत मायक्रोसॉफ्टमध्ये काही काळ नोकरी केली आणि ती सोडून तो भारतात परतला. २००७ च्या सुमारास त्यांनी सुरू केलेले पहिले संकेतस्थळ विद्यार्थ्यांसाठी होते : राहायची खोली, जुनी पुस्तके, अर्धवेळ काम, असे सगळे एका जागी मिळावे म्हणून. पुढे बंगळूरच्या आयआयएममध्ये उद्योजकतेचा अभ्यासक्रम झाला, व्हॅल्यू टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली, आणि भारतात बसून अमेरिकेतल्या ग्राहकांना चष्मे विकण्याचाही प्रयोग झाला. त्यानंतर २०१० मध्ये अमित चौधरी आणि सुमित कपाही यांच्यासह लेन्सकार्ट सुरू झाले. त्याच छत्राखाली घड्याळे, बॅगा आणि दागिने विकणारी भावंड-संकेतस्थळेही निघाली होती; ती यथावकाश आवरती घेतली गेली आणि एकट्या चष्म्यावर लक्ष ठेवण्यात आले. चार दुकाने मांडून तीन बंद करणे याला आपल्याकडे ‘बुडाला’ म्हणतात. ज्याने ते केले आहे असा माणूस समोरच्या खुर्चीत बसून स्पर्धकाला “तुमचे लक्ष विखुरले आहे” असे म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या खर्चाने शिकलेले बोलत असतो.

लेन्सकार्टने सुरुवात केली ती कॉन्टॅक्ट लेन्सपासून, आणि त्यामागचा धंदेवाईक विचार दाद देण्याजोगा आहे. कॉन्टॅक्ट लेन्सची डबी मापाची असते, नंबर डबीवर छापलेला असतो, नाकावर नीट बसते की नाही हा प्रश्न नसतो, आणि ठरावीक दिवसांनी ती संपते म्हणून गिऱ्हाईक आपोआप परत येते. संकेतस्थळावरून विकण्यासाठी याहून सोयीची वस्तू चष्म्याच्या बाजारात दुसरी नाही. चष्म्याचे सगळेच उलटे. तो एकदा घेतला की दोन-दोन वर्षे चालतो, आणि नाक, कान, गाल या तिन्ही ठिकाणी त्याला जुळवून घ्यावे लागते. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ५२, १८, १४० असे तीन आकडे छापलेले असतात : पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. आपल्या जुन्या, नीट बसणाऱ्या चष्म्यावरचे हे आकडे टिपून ठेवणाऱ्या माणसाची ऑनलाइन खरेदी सहसा फसत नाही. पण असे आकडे असतात हेच शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसते. लेन्सकार्टने पुढे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चेहऱ्यावर फ्रेम चढवून दाखवण्याची सोय केली, ती करमणूक म्हणून छान आहे आणि आकार-रंगाचा अंदाज देते, पण चष्मा कानामागे रुतेल की नाही हे तिला सांगता येत नाही. ऑनलाइन जन्मलेल्या कंपनीला अखेर रस्त्यावर दुकाने थाटावी लागली याचे कारण या तीन आकड्यांत आहे. मार्च २०२५ अखेर भारतात तिची दोन हजारांहून अधिक आणि परदेशात साडेसहाशेच्या आसपास दुकाने होती; परदेशातल्या दुकानांचा मोठा भाग २०२२ मध्ये हाती आलेल्या ओनडेज या जपानी साखळीचा आहे.

आता प्रत्यक्ष दुकान. मी गेलो ते पुण्यातले, रस्त्याला लागून असलेले, काचेच्या दर्शनी भागाचे. फ्रेमा भिंतीवर उघड्या मांडलेल्या, प्रत्येकीला किमतीची चिठ्ठी, आणि विक्रेत्याला न विचारता कोणतीही उचलून आरशात बघायची मुभा. ज्या पिढीने चष्म्याच्या दुकानात काचेच्या गल्ल्यापलीकडून “ती नको, त्या शेजारची दाखवा” असे करत चष्मे निवडले आहेत, तिला ही मुभा केवढी मोठी वाटते हे तरुणांना सांगून कळणार नाही. तपासणीसाठी पाचेक मिनिटे थांबलो. प्रथम हनुवटी टेकवून यंत्रात बघायचे. आत दूरवर जाणारा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाशी रंगीत फुगा दिसतो, तो क्षणभर विरघळतो आणि पुन्हा घट्ट होतो. या यंत्राने काढलेला नंबर हा निव्वळ अंदाज असतो, पण तोच अंतिम धरून काच करून देणारे मी पाहिले आहेत. इथे तसे झाले नाही. तपासणाऱ्या मुलीने नंतर भिंगे बदलत बदलत “हे बरे, की हे?” असा रीतसर फेरा घेतला, आणि मी परीक्षेत बसल्यासारखा घाईघाईने उत्तरे देऊ लागलो तेव्हा म्हणाली, “सर, दोन्ही सारखीच वाटली तर सारखीच सांगा, त्यात चूक-बरोबर काही नाही.” माझे काम काय ते तिने विचारले. मी पिशवीतून प्रुफांचा गठ्ठा काढला, तर तिने तो मला नेहमीसारखा धरायला सांगून डोळ्यापासूनचे अंतर पट्टीने मोजले. त्या एका कृतीवर मी खूष झालो. जवळचा नंबर हा ‘जवळ’ म्हणजे किती यावर अवलंबून असतो, आणि माझे जवळ हे गिटारवादकाचे किंवा शिंप्याचे जवळ नव्हे.

प्रोग्रेसिव्हची मापे घेतानाही हीच शिस्त दिसली. निवडलेली फ्रेम आधी माझ्या नाकावर सरळ बसवून घेतली, मग तपासणारी मुलगी माझ्या समोर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसली आणि नमुन्याच्या काचेवर बारीक पेनाने बाहुलीच्या जागी ठिपका दिला, दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा. चष्मा आल्यावर पहिले तीन-चार दिवस जिना उतरताना पायऱ्या किंचित तरंगल्या, कडेला पाहिले की दाराची चौकट वाकडी दिसली. हे या काचेच्या जातीतच आहे, दुकानाचा दोष नव्हे. दुसऱ्या आठवड्यात मी नऊ पॉइंटच्या टंकातली तळटीप मान न हलवता वाचली. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण त्यासाठी मी चार वर्षे थांबलो होतो.

परतीची मुदत १४ दिवसांची आहे, आणि मला ती वापरावी लागली नसली तरी प्रोग्रेसिव्ह घेणाऱ्याने ती डोक्यात ठेवूनच वागावे. सवय व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणून चष्मा पहिल्या दिवसापासून अखंड वापरावा, आणि दहाव्या दिवशीही मान वाकडी होत असेल तर ‘होईल सवय’ म्हणून घरी बसू नये.

एका नगामागे किती उरते, या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरच्या नावांत आहे. व्हिन्सेंट चेस आणि जॉन जेकब्स ही नावे ऐकून कोणी गोरे कारागीर डोळ्यांसमोर येतात, पण हे दोन्ही ब्रँड लेन्सकार्टच्या घरचेच आहेत. कंपनी फ्रेमचा आराखडा करते, राजस्थानात भिवाडीला मोठ्या कारखान्यात काचा कापून चष्मे जुळवते आणि स्वतःच्या दुकानात विकते. मधले घाऊक व्यापारी आणि परदेशी नावांचे स्वामित्वशुल्क त्यातून गळून पडते. जुन्या पद्धतीच्या दुकानात मागच्या खोलीत घासणीच्या यंत्रावर बसलेला कारागीर काच फ्रेमच्या आकाराला आणायचा. इथे ती खोलीच नाही. त्याचा फायदा असा की दर चष्म्यामागे कारागिराच्या हाताचा फरक पडत नाही. तोटा असा की स्क्रू आवळणे आणि काडी वाकवणे यापलीकडचे काम निघाले तर चष्म्याला प्रवास घडतो. ज्याच्याकडे एकच चष्मा आहे आणि त्याच्यावाचून ज्याला दिवसाचे काम करता येत नाही, त्याने हा तोटा लक्षात घ्यावा. मी जुना चष्मा मोडीत न काढता खणात ठेवला आहे.

किमतीची मांडणी मला पूर्णपणे पटलेली नाही. फ्रेम आणि काच यांचे आकडे वेगळे दिसतात, बिलावर कराची ओळ स्वच्छ असते, इथवर उत्तम. नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला तो या ओळीत लगेच दिसतो. पण दुकानाचा खरा भाव सभासदत्व घेतल्यावर आणि ‘एकावर एक’ घेतल्यावरच उघड होतो. ज्याला दोन चष्मे हवेत त्याच्यासाठी हा सौदा खरोखर स्वस्त आहे. ज्याला एकच हवा, तो न घेतलेल्या दुसऱ्या चष्म्याचा भार थोडाफार उचलतो, असे मला वाटते, कारण कोणताही व्यापारी दुसरी वस्तू हवेतून काढून देत नाही. सवलत काढली तर विक्री टिकेल का, हा प्रश्न मग आपसूक उभा राहतो. माझे उत्तर असे की टिकेल, पण माणसे दर वर्षी येणार नाहीत, आणि धंद्याचे गणित दर वर्षी येण्यावर बेतलेले आहे. चष्मा ही दोन-तीन वर्षांची वस्तू होती, तिला घड्याळासारखी, कपड्यांसारखी करणे, कार्यालयाचा वेगळा, लग्नकार्याचा वेगळा, हेच या कंपनीने घडवून आणलेले खरे परिवर्तन आहे, आणि ते करणारा माणूस शार्कच्या खुर्चीत बसून ‘ग्राहक परत येतो का’ असे विचारतो यात नवल नाही.

निळ्या प्रकाशापासून बचाव करणाऱ्या काचेबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि ते एकट्या या दुकानाला उद्देशून नाही; आज जवळजवळ प्रत्येक चष्मेवाला ही काच पुढे करतो आणि लेन्सकार्टही ती विकते. संगणकापुढे बसून डोळे थकतात ते मुख्यतः आपण पापण्या कमी मिटतो आणि एकाच अंतरावर तासन्‌तास बघतो म्हणून. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा डोळ्यांच्या थकव्यावर अशा काचेचा निदान अल्पकाळात तरी काही लाभ होत असल्याचे दिसले नाही, आणि अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संस्थाही संगणकासाठी असे चष्मे वापरण्याची शिफारस करत नाही. मी नको म्हटले, समोरून आग्रह झाला नाही, विषय संपला. पण नको म्हणायचे असते हे ग्राहकाला आधी ठाऊक असावे लागते.

तशीच दुसरी गोष्ट. दुकानातली मोफत तपासणी ही नंबराची तपासणी आहे, डोळ्याची नव्हे. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढून नजर कडेने हळूहळू जाते आणि पुष्कळदा रुग्णाला पत्ता लागत नाही. मधुमेहात पडद्यावर होणारे बदलही फुगा दाखवणाऱ्या यंत्राला दिसत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरात काचबिंदू असलेल्यांनी आणि मधुमेह असणाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञाकडे आधी जावे आणि तिथला कागद घेऊन दुकानात यावे. बाहेरचा कागद दाखवून चष्मा करता येतो, त्याला कोणी हरकत घेत नाही.

मोलाचा प्रश्न सर्वांत अवघड आणि तो मी जाणूनबुजून मागे ठेवला. कार्यक्रमात एखादा तरुण आपल्या कंपनीचे अवाच्या सवा मोल सांगतो तेव्हा पाचही खुर्च्यांवर हसू उमटते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी लेन्सकार्टचा समभाग जनतेसाठी खुला झाला, आणि या वेळी हिशेब मागणारे गुंतवणूकदार समोर होते व मोल सांगणारे बन्सल. समभागाचा वरचा भाव ४०२ रुपये, एकूण विक्री सुमारे ७,२७८ कोटींची, आणि त्या भावाने सगळ्या कंपनीचे मोल जवळपास ७०,००० कोटी. २०२४-२५ मध्ये कंपनीचे उत्पन्न सुमारे ६,६५२ कोटी आणि नफा सुमारे २९७ कोटी होता, त्यातही सुमारे १६७ कोटी हे ओनडेजच्या खरेदीशी निगडित असलेले, रोख हाती न आलेले लाभ. म्हणजे कंपनीचे मोल वर्षाच्या नफ्याच्या सुमारे २३५ पट. त्याआधीच्या वर्षी तर कंपनी सुमारे १० कोटींच्या तोट्यात होती. समभाग खुले होण्याच्या काही महिने आधी खुद्द बन्सल यांनी काही जुन्या गुंतवणूकदारांकडून ५२ रुपयांच्या भावाने समभाग घेतले होते, हेही कागदपत्रांत नमूद होते आणि त्यावर बरीच टीका झाली. तरीही मागणी अनेक पटींनी आली, आणि १० नोव्हेंबरला बाजारात नोंद झाली ती विक्रीच्या भावापेक्षा थोडी खालीच. यात बेकायदा काही नाही. सगळे छापलेले होते. पण हाच प्रस्ताव घेऊन कोणी अनोळखी चष्मेवाला त्या पाच खुर्च्यांसमोर उभा राहिला असता तर त्याला काय ऐकावे लागले असते, हे कार्यक्रम पाहिलेल्या प्रत्येकाला सांगता येईल. मी समभाग घेतले नाहीत. चष्मे घेतले, आणि या दोन निर्णयांत मला विसंगती दिसत नाही.

बन्सल यांच्या खुर्चीबद्दल एक बाजू मात्र नोंदवली पाहिजे, नाहीतर चित्र अर्धवट राहील. पहिल्या पर्वात मालेगावकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा आला होता, ‘जुगाडू कमलेश’ म्हणून तो पुढे घरोघरी माहीत झाला. पाठीवर औषधफवारणीचा पंप घेऊन शेतात राबणाऱ्या बापाकडे बघून त्याने सायकलच्या सुट्या भागांतून एक ढकलगाडी बनवली होती. इतर शार्कांनी कौतुक केले आणि अंग काढून घेतले. बन्सल यांनी ४० टक्के हिश्शासाठी १० लाख आणि वर २० लाख बिनव्याजी कर्ज देऊ केले. ४० टक्के हा हिस्सा थोडा नव्हे, आणि मला तो तेव्हाही टोचला होता. पण पाच खुर्च्यांपैकी एकीलाच ती ढकलगाडी वस्तू म्हणून दिसली, बाकीच्यांना ती गोष्ट म्हणून दिसली, हे आईचे म्हणणे मला खोडता आले नाही. त्याच पर्वात अंध मुलांना ब्रेल शिकवणाऱ्या ॲनी या यंत्रात मित्तल आणि थापर यांच्याबरोबर त्यांनी ३ टक्क्यांसाठी १ कोटी ५ लाखांची बोलीही मान्य केली. पडद्यावर ठरलेला सौदा कागदपत्रांच्या छाननीनंतरच पक्का होतो, हे भान ठेवूनही ही निवड काही सांगते.

आईचा चष्मा घरी झाला. तिचे गुडघे दुखतात, जिना उतरणे जिवावर येते, आणि ‘तो चष्मेवाला घरी माणूस पाठवतो’ हे तिला माझ्याआधी समजले होते. ठरल्या वेळी एक तरुण आला, दारात बूट काढून आत आला आणि त्याने दिवाणखान्यातल्या सतरंजीवर पेटी उघडून फ्रेमा मांडल्या. “अरे, हा तर बोहारणीसारखं गाठोडं सोडून बसला,” आई म्हणाली, आणि जुन्या साड्या आणू का असेही तिने त्याला विचारले. तो हसला, पण त्याला बोहारीण म्हणजे काय ते समजले नसावे. भिंतीवर तक्ता टांगून, अंतर पावलांनी नव्हे तर टेपने मोजून त्याने तपासणी केली. तक्त्यावर देवनागरी अक्षरे असती तर बरे झाले असते; आई इंग्रजी अक्षरे ओळखते, पण घाबरली की सी आणि जी तिला सारखेच. त्याने ते ओळखले आणि आकड्यांचा तक्ता काढला. “आजी, घाई नाही,” हे तो इतक्यांदा म्हणाला की शेवटी तिनेच त्याला “बाळा, तुला पुढं जायचं असेल ना” म्हणून चहा घ्यायला लावला. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया कधी झाली, साखर किती असते, हे त्याने विचारून घेतले आणि डॉक्टरांना वर्षातून एकदा दाखवत जा असे बजावले.

फ्रेम निवडायला तिने पाऊण तास घेतला आणि शेवटी तिच्या जुन्या चष्म्यासारखीच, तपकिरी, घेतली. एकावर एक म्हणून दुसरी निवडायला सांगितली तेव्हा तिने तीच पुन्हा घेतली. दुसरा रंग घे म्हणून मी बरेच सांगून पाहिले. आता एक चष्मा देवघरात पोथीवर असतो आणि दुसरा स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर. निवडलेल्या तांदळात तिला खडा सापडू लागला आहे, आणि गेली दोन वर्षे आमच्या ताटांत अधूनमधून काय येत होते याचा उलगडा आम्हा सगळ्यांना झाला आहे.